तृप्तीची पातळी

तृप्ती डुबल शिट्टी वाजवता वाजवता मध्येच थांबली, तेव्हा पाण्यातल्या पोरींना वाटलं, बाईंनी खेळ बदलला.

कराडच्या जलतरण तलावावर सकाळची बॅच चालू होती. पोरी काठाला धरून पाय मारत होत्या आणि तृप्ती नेहमीसारखी वर उभी राहून ओरडत होती. गावातल्या कितीतरी बायकांना तिनंच पोहायला शिकवलं होतं; आता त्यांच्या मुली यायला लागल्या होत्या. ती थांबली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. ओठ चिंच चोखल्यासारखे हलायला लागले. बोटं शिट्टीची दोरी चाचपत राहिली, परत परत, जणू तिची गाठ सापडत नव्हती. एका पोरीनं तिची नक्कल केली, बाकीच्या हसल्या. मग तृप्तीनं डोळे मिचकावले आणि म्हणाली, "चला, उतरा आता पाण्यात."

पोरी पाण्यातच होत्या.

तिच्या नवऱ्याला, संग्रामला, हे संध्याकाळी दुकानात कळलं. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. पोरींपैकी एकीची आई पंप घेऊन आली होती, तिनं हसत हसत सांगितलं. घरी गेल्यावर त्यानं तृप्तीला चिडवलं, "म्हातारी झालीस की तू." तिला काही आठवतच नव्हतं. तीही हसली.

पुढच्या आठवड्यात पोहे परतता परतता ती खाली कोसळली. हातातलं उलथणं सुटलं नव्हतं. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले, तोंडातून फेस आला. शेजारच्या काकू कांदा फोडून धावत आल्या. संग्राम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आणि आपण या क्षणी काय करायला हवं ते आपल्याला माहीत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मिरगी आहे, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. बहुतेकांना पहिल्या नाहीतर दुसऱ्या गोळीनं आराम पडतो, असंही ते म्हणाले. तृप्तीला पडेना. डोस वाढला, गोळ्या वाढल्या, फिट्सही वाढल्या. त्याहून वाईट म्हणजे ती विसरायला लागली. आमटीत मीठ घालायची आणि घातलं हे विसरून परत घालायची. नाशिकला शिकणाऱ्या लेकीला, शर्वरीला, फोन करायची, ठेवायची, आणि विचारायची, "शर्वरीचा फोन नाही आला रे आज?" तलावावर जाणं बंद झालं. तिला बादलीभर पाण्यापाशीसुद्धा एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आंघोळीला ती बसली की संग्राम दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा आणि आतला तांब्याचा आवाज ऐकत राहायचा. आवाज थांबला की दारावर टकटक करायचा.

शेवटी पुणं गाठलं. त्या वर्षी चालक नसलेली एसटी नुकतीच सुरू झाली होती. तृप्ती सारखी विचारत होती, "गाडी चालवतंय कोण?" तो सांगायचा, "कोणी नाही." ती घाबरायची, थोड्या वेळानं विसरायची, परत विचारायची.

डॉक्टर नफिसा मुल्ला मूळच्या मिरजेच्या. मोठ्या रुग्णालयातल्या असूनही त्या समोर स्टूल ओढून बसायच्या आणि घरच्यासारखं बोलायच्या. त्यांनी तृप्तीच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं होतं.

"ही नेहमीची मिरगी नाही, डुबल," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोटारींचं काम करता ना? मग समजा, तार चांगली आहे, वीज चांगली आहे, पण कोणीतरी ब्रेक तोडून टाकतंय."

"कोण?"

"त्या स्वतःच."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जागं करतात तशाच गप्पही करतात. गप्प बसण्याचा निरोप आला की तो पेशीवरच्या एका प्रथिनात जाऊन बसतो, किल्ली कुलपात बसावी तसा. आपली रोगप्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवते. तृप्तीच्या रक्तात अशी प्रतिपिंडं तयार झाली होती, की ती नेमकी या कुलपांवरच जाऊन चिकटत होती. निरोप पोचत नव्हता. एक पेशी पेटली की शेजारची पेटायची, आणि गप्प कर म्हणणारं कोणी नव्हतं. मेंदूच्या ज्या भागात आठवणी मुरतात, तिथं ही कुलपं दाट असतात. म्हणून आधी आठवणींवर घाला. फिटच्या गोळ्या वीज दाबतात. हल्ला करणाऱ्यांना त्या काही करू शकत नाहीत.

"पण माझंच शरीर मला का मारतंय?" तृप्तीनं विचारलं. त्या दिवशी ती बरीच भानावर होती.

"ते तुम्हाला मारायला निघालेलं नाही. समजा, तुमच्या सोसायटीत चोर शिरला. त्यानं निळा शर्ट घातलाय. वॉचमननं ठरवलं, निळा शर्ट दिसला की बडवायचा. आणि नेमका तुमच्या घरातल्या माणसानंही निळाच शर्ट घातलाय."

"मग चोर कुठाय?"

डॉक्टरांनी बोट तिच्या छातीच्या मधोमध ठेवलं. फुप्फुसाच्या मुळाशी, श्वासनलिकेच्या मागं, एक गाठ होती. कर्करोगाची. त्या गाठीच्या पेशीही तेच प्रथिन अंगावर वागवत होत्या. शरीरानं गाठ आधी ओळखली, तिच्यावर तुटून पडलं. आणि मग तीच शस्त्रं मेंदूपर्यंत गेली. गाठ अजून एवढी लहान होती ती केवळ या लढाईमुळं.

रुग्णालयातले दिवस संग्रामला नंतर नीट आठवत नसत. केमो झाली, किरणं झाली. गाठ आटली, पण मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला एक तुकडा उरलाच. शस्त्रक्रिया करून तो काढणं शक्य नव्हतं आणि औषधाला तो आता दाद देत नव्हता. फिट्स मात्र तशाच राहिल्या. तेव्हा डॉक्टरांनी 'समतोल' सुचवला.

समतोल म्हणजे बोराएवढी एक कुपी. गळ्याच्या हाडाखाली बसवायची. प्रत्येकाच्या रक्तात काही पेशी अशा असतात, ज्यांचं काम लढायचं नसतं, लढणाऱ्यांना आवरायचं असतं. तृप्तीच्या रक्तातून त्या वेगळ्या काढल्या, प्रयोगशाळेत त्यांना ते एक प्रथिन ओळखायला शिकवलं, त्यांची संख्या वाढवली आणि त्या कुपीत भरल्या. पूर्वीची औषधं सगळी प्रतिकारशक्तीच झोपवत आणि माणूस साध्या खोकल्यानं जायचा. या पेशी फक्त एवढं एकच भांडण थांबवणार होत्या. किती पेशी रक्तात सोडायच्या, हे बाहेरून एका छोट्या यंत्रावर ठरवता येई. शून्य ते दहा.

सातवर भांडण थांबलं.

हळूहळू फिट्स विरळ झाल्या, मग बंद झाल्या. एका दुपारी तृप्ती पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "त्या पंख्याचं बेअरिंग वाजतंय, संग्राम. लोकांच्या मोटारी भरतोस आणि घरचा पंखा बघायला होत नाही तुला." तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

आजारपणातले महिने तिच्या डोक्यातून पुसले गेले होते; डॉक्टरांची चोर-वॉचमनची गोष्टही संग्रामनं तिला परत सांगितली. बाकी सगळं परत आलं. ती तलावावर जायला लागली. आधी नुसती काठावर. मग एका सकाळी डॉक्टरांना विचारून पाण्यात उतरली. संग्राम कपड्यांनिशी शेजारी उतरला होता. "तू बाहेर हो," ती म्हणाली, "पोरी हसतात."

तपासणीत गाठ वाढलेली दिसली.

शर्वरीही त्या दिवशी आली होती. डॉक्टर मुल्लांनी चित्र दाखवलं.

"वॉचमनला झोपवलं," तृप्तीच म्हणाली, "आता चोर मोकळा झाला. असंच ना?"

"असंच."

"मग आकडा खाली आणा," शर्वरी म्हणाली.

"आणता येतो. तीनवर आणला तर वॉचमन जागा होईल, गाठ दबेल. वर्षं मिळतील. किती ते सांगता येणार नाही, पण वर्षं. मात्र फिट्स परत येतील आणि आठवणीही परत जातील. सातवर ठेवला तर तृप्तीताई अशाच राहतील, आत्ता आहेत तशा. पण पुढची दिवाळी मी धरून चालणार नाही."

"आणि पाचवर?" संग्रामनं विचारलं.

"पाचवर दोन्ही होतं. फिटही येते आणि गाठही वाढते. आम्ही करून बघितलंय, डुबल. मधला रस्ता असता तर मीच सांगितला असता."

तृप्तीनं फार वेळ घेतला नाही. "सात," ती म्हणाली. "आणि डॉक्टर, सगळ्यांसमोर सांगते. उद्या काही झालं, मी शुद्धीत नसले, रडले, पाया पडले, तरी खाली आणायचं नाही. ती मी नसेन. संग्राम, ऐकलंस?"

नियमाप्रमाणे आकडा ठरवायचा हक्क रुग्णाचा होता; रुग्ण भानावर नसेल तर त्यानं नेमलेल्या माणसाचा. तृप्तीनं संग्रामला नेमलं. तो "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

परतीच्या गाडीत शर्वरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. कात्रज मागं पडल्यावर ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही."

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, माहीत आहे मला," तृप्ती म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

ते महिने चांगले गेले. चांगले म्हणजे, संग्राम सकाळी जागा झाला की आधी तिचा श्वास ऐकायचा, मग उठायचा. जिना चढताना तिला धाप लागायला लागली होती. कोणी तसं बोलून दाखवत नव्हतं.

भाद्रपदात गावात तापाची साथ आली. घरोघर माणसं आडवी पडली, चार-पाच दिवसांनी उठली. तृप्तीलाही ताप भरला. पण समतोलमधल्या त्या पेशी नाजूक होत्या. अंगात मोठा दाह उसळला की त्या आपलं काम सोडून गप्प बसतात, हे डॉक्टरांना पुस्तकातून माहीत होतं. माणसात बघायची वेळ पहिल्यांदाच येत होती. यंत्रावर आकडा सातच दिसत होता. माणूस मात्र केव्हाच खाली गेला होता. पुण्याला पोचेपर्यंत तृप्तीला गाडीत तीनदा फिट आली.

ताप उतरला. पण जागी झाली ती वेगळीच तृप्ती होती.

ती संग्रामला ओळखत होती. पण त्याच्याकडे बघून दचकायची. "तुझे केस कधी पिकले रे? काय झालंय तुला?" दर दिवशी तेच, दर वेळी तेवढीच भीती. शेवटी रुग्णालयाजवळच्या सलूनमध्ये जाऊन त्यानं केस काळे करून घेतले. त्यानंतर ती दचकली नाही. शर्वरीच्या केसांचं मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं. तृप्तीच्या लेखी शर्वरी तिसरीत होती, दोन वेण्या घालायची, शाळेत गेली होती आणि तिला आणायला जायची वेळ झाली होती.

"अहो ताई," तृप्ती पलंगाशी बसलेल्या शर्वरीला म्हणायची, "आमची पोर सुटली असेल. जरा आणता का? मला हे लोक उठू देत नाहीत."

"आणते हं," शर्वरी म्हणायची, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. थोड्या वेळानं आत यायची. तोवर तृप्ती विसरलेली असायची.

तपासणी झाली. या तेवढ्या दिवसांत गाठ निम्म्यावर आली होती.

"आता ठरवावं लागेल," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. "पेशी परत कामाला लावता येतील, सातवर. किंवा आकडा तीनवर आणून आहे तसं राहू द्यायचं. त्यांना विचारणं मला भाग आहे. तुम्ही दोघं सोबत थांबा."

त्यांनी सोप्या शब्दांत विचारलं. तृप्तीनं लक्ष देऊन ऐकलं. निम्मं तिला कळलं नसावं, पण मधला एक शब्द तिनं पकडला.

"जगायचंय का म्हणून विचारताय?" तिनं डॉक्टरांचं मनगट धरलं. "असं कुणी विचारतं का हो? पोर लहान आहे माझी. तिला अजून पोहायला सुद्धा येत नाही. मला मारू नका. संग्राम, सांग की यांना! बघत काय बसलायस?"

संग्राम बघत बसला होता.

बाहेर आल्यावर त्यानं डॉक्टरांना गाठलं. "ती आधी म्हणाली होती, रडले तरी ऐकू नका. ती मी नसेन, म्हणाली होती. तुम्ही होता तिथं."

"होते."

"मग आत आहे ती कोण?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दोन्ही वेळा मी तृप्ती डुबल याच बाईंशी बोलले. भीती खरी होती, पोरीची काळजी खरी होती. कोणती तृप्ती खरी, हे सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. आम्ही यंत्र केलं, डुबल, आणि असं काही होईल हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही."

"तुम्हीच सांगा काय करू."

"ते सांगायची मला परवानगी नाही. असती तरी सांगितलं नसतं."

कँटीनमध्ये शर्वरीनं चहाला हात लावला नाही. "तीनवर राहू दे, बाबा."

"तुला ओळखत नाही ती."

"नको ओळखू दे. ताई म्हणते, म्हणू दे. रोज आणायला जाईन मी स्वतःला शाळेतून. असू दे ती. नुसती असू दे."

"शब्द दिलाय मी तिला."

"कुठल्या आईला?" शर्वरी म्हणाली. "आत आहे तिनं आत्ता तुमच्याकडं काय मागितलं, ते नाही ऐकलं तुम्ही?"

संग्रामनं सात सांगितलं. शब्द पाळतोय, असं तो स्वतःला बजावत होता. खरं तर त्याला तिच्याशी बोलायचं होतं. एवढ्या मोठ्या निर्णयात कोणाला विचारावं असं एकच माणूस त्याच्या आयुष्यात होतं, आणि ते सातवर होतं. शर्वरी त्यानंतर त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

तृप्ती हळूहळू वर आली, कोणी पाण्यातून यावं तशी नाही, खूप झोपून उठावं तशी, चिडचिडी आणि भुकेली. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगणात केस वाळवत बसली असताना तिनं त्याच्या डोक्याकडे बघितलं.

"ही काय थेरं? केस का रंगवलेस?"

त्यानं सांगितलं. तिला हसू आलं, आणि मग ते गेलं.

"मी खाली असताना आणखी काय काय केलं?"

"काही नाही. झोपून असायचीस."

"संग्राम."

तो पायरीवर बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. वेण्या, शाळा, ताई. डॉक्टरांचं मनगट. मला मारू नका म्हणाली, ते. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"आणि तरी तू सातवर आणलंस."

"तू सांगितलं होतंस."

"हो. मी सांगितलं होतं." ती बराच वेळ केसांतून बोटं फिरवत राहिली. "मला वाटलं होतं, खाली कोणी नसतं. नुसता अंधार असतो, असं वाटलं होतं मला. एक बाई असते, आणि तिला माझी पोर आठवते, हे कुठं माहीत होतं?"

त्यानंतर काही दिवस ती त्याविषयी बोलली नाही. तलावावर जाऊन बसायची. पाण्यात उतरण्याएवढा श्वास आता राहिला नव्हता. एका रविवारी शर्वरी आलेली असताना जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "तीनवर आणू या."

संग्रामला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. शर्वरीच आधी ओरडली, "आई, माझ्यासाठी नको हं! मी बोलले ते रागानं—"

"तुझ्यासाठी नाही. तिच्यासाठी. दोघी बुडत असल्या तर आधी कोणाला काढायचं? जी गटांगळ्या खातेय तिला. मला भीती नाही वाटत आता. तिला वाटते. मग तिचं ऐकायला नको?"

"आणि मी?" संग्राम म्हणाला. "मी काय करू?"

"तू काठावर उभा राहा."

"मला नाही जमणार ते."

"नाही जमणार," तृप्ती म्हणाली. "कोणालाच जमत नाही. तरी कोणीतरी लागतं."

मग तिनं चटई अंथरली, तिच्यावर आडवी झाली आणि फिट आल्यावर आपल्याला कसं धरायचं ते दोघांना करून दाखवलं. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. "आणि काकू कांदा घेऊन आल्या तर त्यांना म्हणावं, भजी करा." शर्वरीनं तिला कुशीवर वळवलं, चुकलं, परत वळवलं. तसं वळवलेल्या अवस्थेतच, भिंतीकडे तोंड असताना, तृप्ती म्हणाली, "ती तुला ताई म्हणेल. वाईट वाटून घेऊ नको. तुलाच शोधत असते ती."

शर्वरीनं तिच्या पाठीवर डोकं टेकलं. संग्राम उठून पंखा बंद करून आला, गरज नसताना.

डॉक्टर मुल्लांनी पुण्याहून यंत्राचं कुलूप उघडून दिलं. तृप्तीला पडद्यावर बघून त्या एवढंच म्हणाल्या, "परत वर यावंसं वाटलं तर..." आणि थांबल्या. वर यावंसं वाटणारी बाई तेव्हा विचारायला नसणार होती. ते दोघींच्या एकदमच लक्षात आलं. "येते मी," तृप्ती म्हणाली, एखाद्या घरून निघताना म्हणतात तसं, आणि तिनं स्वतःच्या बोटानं आकडा खाली आणला.

लगेच काहीच झालं नाही. रक्तातल्या पेशी ओसरायला काही दिवस जाणार होते. पहिल्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी तलावावरच्या नव्या बाईंना बोलावून कुठली पोर पाण्याला घाबरते आणि कुठली उगाच शेखी मिरवते ते सांगितलं. संग्रामनं दुकान बंद ठेवलं होतं. तो तिच्या मागं मागं फिरायचा. प्रत्येक वाक्य संपलं की हे शेवटचं तर नव्हे, असं त्याला वाटायचं, आणि मग ती पुढचं बोलायची. त्याचा मूळचा स्वभाव अबोल. एवढ्या वर्षांच्या संसारात बोलायचं काम तिचं आणि हुंकार द्यायचं त्याचं. आता तोच विचारत सुटला होता. शाळेत तुझ्या बाकावर कोण बसायचं? आजोळी विहीर होती का? ती बोलत राहावी म्हणून काहीही.

एका दुपारी दोघं मागच्या पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. शर्वरी आत झोपली होती.

"लहानपणी कधी मार खाल्लास का गं?" त्यानं विचारलं.

"खाल्ला की. नावेपायी." तृप्ती हसली. "तुला कधी सांगितलंच नाही मी. आमच्या वर्गात वंदी होती, वंदना कणसे. आम्ही दोघींनी संगमावरून एकदा नाव पळवली. नावाडी जेवायला गेला होता. मी म्हटलं, नुसती बसू. वंदी म्हणाली, बसायचंच तर पलीकडं जाऊ."

"मग?"

"मग काय, सोडली दोरी. निम्म्यात गेलो आणि माझ्या हातातनं वल्हं सुटलं. नाव लागली गोल फिरायला. मी रडायला लागले. मला पोहता येत होतं हं, पण वंदीला येत नव्हतं. काठावर माणसं गोळा झाली, आमचे आबा पण होते त्यांच्यात. आणि तेवढ्यात वंदी उठून उभी राहिली, आणि म्हणाली..."

तिची बोटं शेंगेवर थांबली. मग ती शेंग चाचपायला लागली. ओठ हलले.

संग्रामनं परात बाजूला सरकवली. तिला कुशीवर वळवलं, आपला सदरा काढून डोक्याखाली घातला. शर्वरी दारात येऊन उभी राहिली होती. त्यानं तिच्याकडे बघून नुसता हात हलवला. झटके आले, वाढले, विरत गेले. अंगणातल्या दोरीवरचे कपडे वाऱ्यानं हलत होते. करण्यासारखं आणखी काही नव्हतं.

बऱ्याच वेळानं तृप्ती उठून बसली. परातीतल्या दाण्यांकडे बघत राहिली.

"हे कोणी सोललं?"

"आपणच."

"होय?" तिनं एक शेंग उचलली, सोलली. चेहरा पुसट होता, मग त्यावर काहीतरी उमटलं. "वंदी आणि मी एकदा नाव पळवली होती, ते तुला सांगितलं का रे मी कधी?"

"नाही," संग्राम म्हणाला आणि परात परत दोघांच्या मध्ये ओढली. "सांग की."